स्थळ सोन्यासारखं, पण मुलगा समलिंगी निघाला तर? फसवणूक कुठली, कायदा काय सांगतो आणि सावरायचं कसं

बेळगाव : तुळशीची लग्नं लागली की कंग्राळी खुर्द, कंग्राळी बुद्रुकपासून हिंडलगा, उचगाव, कडोलीपर्यंत गल्लोगल्ली एकच विषय सुरू होतो, स्थळांचा. बायोडाटा आता मध्यस्थाच्या पिशवीतून येत नाही, व्हॉट्सॲपवर येतो. पण बघायची नजर तीच आहे. मुलगा निर्व्यसनी हवा, पुण्यात किंवा बेंगळुरूत कायम नोकरी हवी, घरी दोन एकर का असेना शेती हवी, आणि मुख्य म्हणजे "मुलींच्या भानगडीत नाही" असं चार माणसांनी सांगायला हवं.

अशा स्थळाला नाही म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. मुलगीही मनातून सुखावते. दिसायला बरा, बोलायला मऊ, अंगचटीला न येणारा, तिचं ऐकून घेणारा. मैत्रिणी म्हणतात, नशीब काढलंस. आणि मग कधी साखरपुडा झाल्यावर, कधी लग्नानंतर सहा महिन्यांनी, तर कधी मूल झाल्यावर कळतं की त्याला बायकांविषयी ओढच नाही. तो समलिंगी आहे.

पुढे जे होतं ते बहुतेक घरांत सारखंच असतं. मुलगी कोसळते, माहेरचे चिडतात, सासरचे नाकारतात, आणि गावात भलतंच काहीतरी पसरतं. या सगळ्या गोंधळात जे समजून घ्यायला हवं तेच राहून जातं. या विषयावर आपल्याकडे मोकळं बोललं जात नाही, म्हणून हे नीट उलगडून सांगणं गरजेचं आहे.

"माझ्यात काय कमी होतं?"

असं कळल्यावर बहुतेक मुलींच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो. मी दिसायला कमी पडले का, मी त्याला जिंकू शकले नाही का, दुसरी कुणी असती तर तो बदलला असता का.

उत्तर सरळ आहे. नाही. माणसाला पुरुषाची ओढ वाटावी की स्त्रीची, हे समोरच्या माणसाच्या रूपावर किंवा गुणावर ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली. भारतीय मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये, हा आजार नाही, असं जाहीरपणे सांगितलं. जो आजारच नाही तो बायकोच्या मायेने, सासूच्या नवसाने किंवा देवऋषाच्या अंगाऱ्याने बरा होण्याचा प्रश्नच येत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तर २०२२ मध्ये, समलिंगी माणसाला "बदलून देतो" म्हणून उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

म्हणजे तिच्या जागी कुणीही मुलगी असती तरी हेच घडलं असतं. हा नकार तिला नव्हता. हे डोक्याला पटतं, मनाला पटायला मात्र वेळ लागतो. कारण एरवी प्रेमभंगात दुसरी कुणीतरी दिसते, तिच्यावर राग काढता येतो. इथे राग काढायला कुणी सापडत नाही. तो वाईट माणूस नसतो, कधी कधी तर खरंच चांगला मित्र असतो. म्हणूनच हे दुःख उलगडून सांगायला अवघड जातं आणि मुलगी आतल्या आत कुढत बसते.

दुःख दोन, त्यांची गल्लत नको

इथे एक फरक नीट ध्यानात घ्यायला हवा. त्याचं समलिंगी असणं ही एक गोष्ट आणि ते लपवून लग्न करणं ही दुसरी.

पहिल्या गोष्टीत त्याचा दोष नाही. दुसऱ्या गोष्टीत आहे, आणि बहुतेक वेळा तो एकट्याचा नसतो. अनेक घरांत आई-वडिलांना अंदाज असतो. मुलगा दोन-तीनदा "मला लग्न करायचंच नाही" म्हणालेला असतो. पण "लग्न केलं की लाईनीवर येतो", "एक मूल झालं की सगळं विसरतो" या समजुतीवर दुसऱ्याची मुलगी घरात आणली जाते. थोडक्यात, स्वतःच्या मुलावरचा उपचार म्हणून सून आणली जाते. औषधाच्या बाटलीला कुणी विचारत नाही, तसं तिलाही कुणी विचारत नाही.

त्यामुळे फसवलं गेल्याचा तिचा राग रास्त आहे. तो दाबून "जाऊ दे, नशीब" म्हणायची गरज नाही. फक्त तो राग योग्य जागी जायला हवा. शिवी द्यायची तर लपवाछपवीला द्यावी, माणसाच्या जन्मजात ओढीला नको.

जे प्रकरण लग्नापर्यंत गेलेलंच नसतं तिथे चित्र वेगळं असतं. कॉलेजातल्या, कामावरच्या मित्रावर जीव जडला, तिने मन मोकळं केलं आणि त्याने खरं सांगितलं, तर तिथे फसवणूक झालेलीच नाही. उलट, त्याने मोठी जोखीम घेऊन विश्वास टाकलेला असतो. दुखणार तर आहेच, पण ती गोष्ट तिच्यापाशी राहणं हे त्या विश्वासाचं मोल आहे.

हा प्रश्न फक्त मुलींचाही नाही

हेच दुःख मुलांच्याही वाट्याला येतं. मराठी रंगभूमीवर विजय तेंडुलकरांनी ते १९८१ सालीच मांडलं होतं. "मित्राची गोष्ट" या नाटकात बापू नावाचा बुजरा कॉलेजकुमार सुमित्रा ऊर्फ मित्रामध्ये गुंततो. तिची ओढ मात्र नमा नावाच्या मुलीकडे आहे. मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली होती. बापू तिचा मित्र म्हणून उभा राहतो, पण भोवतालचं जग तिला जागा देत नाही आणि शेवट शोकाचा होतो. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीच्या या नाटकात बापूचा प्रेमभंग आणि मित्राची कोंडी, दोन्ही एकाच वेळी खरे आहेत. एकाचं दुःख खरं ठरवायला दुसऱ्याचं खोटं ठरवावं लागत नाही.

सचिन कुंडलकर यांच्या २००६ साली आलेल्या "कोबाल्ट ब्लू" कादंबरीत तर घरी राहायला आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघेही जीव लावतात. २०२३ च्या मल्याळम "काथल" चित्रपटात मामुट्टी यांनी अशा एका मध्यमवयीन नवऱ्याचं काम केलं आहे, ज्याची बायको अनेक वर्षांच्या संसारानंतर घटस्फोट मागते. गोष्ट खेडेगावातली आहे, मोठ्या शहरातली नाही. हे "पुण्या-मुंबईचं फॅड" आहे म्हणणाऱ्यांनी ती जरूर पाहावी.

ओळखता येतं का?

चालण्या-बोलण्यावरून, आवाजावरून किंवा स्वयंपाकाची आवड आहे म्हणून कुणी समलिंगी ठरत नाही. पिळदार शरीराचा पैलवानही असू शकतो आणि मृदू बोलणारा मुलगा नसूही शकतो.

आपल्या भागात आणखी एक गल्लत होते. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेले जोगते, जोगप्पा सगळ्यांनी पाहिलेले असतात. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेला "जोगवा" हा २००९ चा चित्रपटही घरोघरी पाहिला गेला. त्यामुळे समलिंगी म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर साडी नेसलेला पुरुष येतो. पण तो प्रश्न वेगळा आहे. स्वतःला स्त्री मानावं की पुरुष, ही एक बाब. ओढ कुणाची वाटते, ही दुसरी. समलिंगी पुरुष स्वतःला पुरुषच मानतो, पुरुषासारखाच राहतो. तो उद्यमबागेत फौंड्रीत कामाला असेल, एपीएमसीत भाजीची गाडी उतरवत असेल किंवा बेंगळुरूत कॉम्प्युटरसमोर बसत असेल.

म्हणून बाहेरून ओळखायच्या नादाला न लागता विचारणं बरं. बघायच्या कार्यक्रमात "मुला-मुलीला दहा मिनिटं बोलू द्या" म्हणून गच्चीवर पाठवलं जातं. तेवढ्यात आवड काय, पगार किती एवढंच होतं. दोन-तीन वेळा मोकळं भेटू द्यावं आणि दोघांनीही एकमेकांना हे विचारावं, की लग्नाला तुझी मनापासून तयारी आहे का, घरच्यांनी रेटलंय का, याआधी नकार दिला होतास का, माझ्याविषयी ओढ वाटते का. प्रश्न जड वाटतील. पण साखरपुड्यानंतर महिनोन्‌महिने फोनवर टाळाटाळ, भेटीला सतत निमित्त, लग्नाची बोलणी निघाली की चेहरा उतरणं अशी लक्षणं दिसत असतील तर विचारलेलं बरं. टाळाटाळीमागे कारण दुसरंही असू शकतं. एखादी मुलगी आवडत असेल, कर्ज असेल, आजार असेल. कारण कुठलंही असो, ते लग्नाआधी कळणं दोन्ही घरांच्या हिताचं.

साखरपुड्यानंतर कळलं तर

मोडलेला साखरपुडा ही नाचक्की वाटते, पण मोडलेल्या संसारापुढे ती काहीच नाही. दोन्हीकडच्या मोजक्या मोठ्या माणसांनी बसावं, देण्या-घेण्याचा हिशोब मिटवावा, दागिने, साड्या, हॉलची आगाऊ रक्कम याची लेखी नोंद करावी. पाव्हण्यांना "दोघांचं जमलं नाही" एवढं कारण पुरेसं आहे. मुलाचं गुपित गल्लीत फोडून मुलीची बाजू भक्कम होत नाही. उलट, चर्चा वाढते आणि पुढच्या स्थळापर्यंत तीच पोचते. मुलाने आधीच खरं सांगून लग्न थांबवलं असेल तर त्याने मुलीचं आयुष्य वाचवलं आहे, हेही विसरू नये.

लग्नानंतर कळलं तर कायदा काय म्हणतो

हिंदू विवाह कायदा १९५५ नुसार "नवरा समलिंगी आहे" एवढंच घटस्फोटाचं स्वतंत्र कारण म्हणून लिहिलेलं नाही. पण मार्ग आहेत.

पहिला मार्ग लग्न रद्द करून घेण्याचा. कलम १२ प्रमाणे, समोरच्याविषयीची महत्त्वाची बाब लपवून संमती घेतली असेल तर लग्न रद्द करण्याची मागणी करता येते. इथे मुदतीची अट मोठी आहे. फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतरही स्वखुशीने नवरा-बायको म्हणून राहणं सुरू ठेवलं असेल तर हा मार्ग बंद होतो. "बघू, सुधारेल" म्हणत दोन वर्षं काढणाऱ्या मुली इथे अडकतात. नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध आलाच नसेल तर त्यासाठीही याच कलमात तरतूद आहे. लपवलेली बाब महत्त्वाची होती की नाही, हे पुरावे बघून न्यायालय ठरवतं.

दुसरा मार्ग कलम १३ खाली क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट. तिसरा, आणि दोघांची तयारी असेल तर सगळ्यात कमी त्रासाचा, म्हणजे कलम १३ ब खाली परस्पर संमतीने घटस्फोट. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबण्याची जी अट आहे, ती योग्य प्रकरणात न्यायालय शिथिल करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. अशा संसारात झालेली मुलं, लग्न रद्द ठरलं तरी, कलम १६ मुळे औरसच मानली जातात. पोटगीचा हक्कही राहतो. स्त्रीधन तिचंच असतं. मारहाण, डांबून ठेवणं, पैशासाठी छळ असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण मागता येतं.

सीमाभागातला खास पेच

कंग्राळीची मुलगी चंदगडला, गडहिंग्लजला किंवा कोल्हापूरला दिलेली असते. पाव्हण्यारावळ्यांत अंतर वाटत नाही, पण कायद्याच्या नजरेत दोन राज्यं येतात. मग केस कुठे घालायची?

कलम १९ प्रमाणे लग्न जिथे झालं तिथे, दोघं शेवटी एकत्र जिथे राहिले तिथे, किंवा समोरचा पक्ष जिथे राहतो तिथे अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीने यात आणखी एक सोय झाली. अर्ज बायको करत असेल तर ती सध्या जिथे राहते तिथेही करता येतो. म्हणजे माहेरी कंग्राळीत परत आलेल्या मुलीला बेळगावच्या न्यायालयात दाद मागता येते, कोल्हापूरला खेटे घालावे लागत नाहीत. नवऱ्याने आधीच महाराष्ट्रात केस घातली असेल आणि ती इकडे आणायची असेल, तर मात्र दोन राज्यांमधल्या बदलीसाठी सर्वोच्च न्यायालयातच अर्ज करावा लागतो. तेव्हा वेळेत हालचाल केलेली बरी. लग्नपत्रिका, यादी, मंगल कार्यालयाची पावती असे मराठी कागद असतील तर त्यांच्या भाषांतराची तयारीही वकिलाला विचारून आधीच करून ठेवावी.

वकिलाची फी परवडत नसेल तर १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा कायदा सेवा प्राधिकाराकडे किंवा १५१०० या क्रमांकावर विचारणा करता येते.

बदनामीचा मार्ग नको

ऑक्टोबर २०१४ मध्ये बेंगळुरूत एका पत्नीने घरात छुपे कॅमेरे लावून पतीचे पुरुषाशी असलेले संबंध टिपले आणि पोलिसांनी त्याच्यावर कलम ३७७ लावलं. तेव्हा ते शक्य होतं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, सज्ञान माणसांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा निकाल दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. त्यामुळे "समलिंगी आहे म्हणून आत घाला" असं पोलीस ठाण्यात जाऊन सांगण्याला आता अर्थ उरलेला नाही. उलट, कुणाचे खाजगी अवयव दिसणारे फोटो-व्हिडिओ त्याच्या संमतीशिवाय काढले किंवा पसरवले तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. न्याय मागायला गेलेली मुलगीच आरोपी व्हायची. पुरावा काय आणि कसा ठेवायचा, हे आधी वकिलाला विचारावं.

मुलगा खरं का सांगत नाही?

समजून घेणं म्हणजे माफ करणं नव्हे. पण कारण कळल्याशिवाय हा प्रकार थांबणारही नाही.

कायद्याने गुन्हा उरला नाही, पण घरात जागा झाली नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि तो विषय संसदेवर सोडला. म्हणजे अशा तरुणापुढे मनासारखं लग्न नाही आणि लग्न न करता राहण्याची मुभाही नाही. तिशी आली की काका-मामा विचारू लागतात, धाकट्या बहिणीचं अडतं, आई आजारी पडते. "मेल्यावर तोंड बघणार नाही" असं ऐकलं की मुलगा मान हलवतो. एका माणसाने भीतीने दिलेला होकार दोन माणसांना आयुष्यभर पुरतो.

म्हणून या प्रश्नाची खरी किल्ली मुलाच्या आई-वडिलांच्या हातात आहे. मुलगा लग्नाला ठाम नाही म्हणत असेल तर कारण एकदा शांतपणे विचारा. उत्तर ऐकवणार नाही असं वाटत असलं तरी विचारा. आणि ते उत्तर कळल्यावर स्थळ बघायला निघू नका. सून आणून मुलगा बदलत नाही, फक्त दुःखी माणसांची संख्या एकाने वाढते.

सावरायचं कसं

अशा वेळी मुलीला सगळ्यात आधी हवं असतं ते माहेरचं दार उघडं. "लोक काय म्हणतील, थोडं सोस" हे वाक्य अशा वेळी जिवावर बेतू शकतं. दिल्लीत २०१५ मध्ये एका तरुण महिला डॉक्टरने, नवरा समलिंगी असल्याचं आणि आपला छळ झाल्याचं लिहून ठेवून जीव दिला होता. शिकलेली, कमावती मुलगीही एकटी पडली की खचते.

घरच्यांनी तिला प्रश्नांच्या फैरीत उभं करू नये. "तुला आधी कळलं कसं नाही?" हा प्रश्न तर कुणीच विचारू नये. कळू नये म्हणूनच तर सगळे झटत होते. झोप उडाली, जेवण जाईना, जगावंसं वाटेना असं झालं तर वेळ न घालवता मानसोपचार तज्ज्ञाकडे न्यावं. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे. मनाने खचलेल्या मुलालाही, त्याच्या आई-वडिलांनाही टेली-मानसवर बोलता येतं.

आणि शेवटचं, त्या मुलीसाठी. त्याच्याबरोबरच्या ज्या गप्पा, जी काळजी, जे हसणं खरं वाटलं होतं, ते सगळंच खोटं होतं असं धरून चालायचं कारण नाही. माया खरी असू शकते आणि तरीही ती नवरा-बायकोची नसते. पुढच्या वेळी स्थळ बघताना "मुलींच्या भानगडीत नाही" एवढ्यावर भागवू नये. त्याला आपण आवडतो का, हे त्याच्याच तोंडून ऐकावं. हा प्रश्न विचारायला मुलीने लाजू नये आणि घरच्यांनी तिला अडवू नये.